बुजवलेल्या विहिरीचं पाणी

अन्याय सुनीतावर झाला. यंदा, होळीच्या आदल्या शनिवारी सकाळी. हरियाणातल्या फर्रुखनगरजवळच्या एका गावात तिच्या सासरची विहीर प्लॉटिंगवाल्यांनी डबर टाकून बुजवली. रविवारी तिच्या मुलीचं कुआँ पूजन होतं. तिकडे बाळ झालं की आई नटूनथटून, बायकांसोबत गात विहीर पुजायला जाते. बहुतेक घरांत हे फक्त मुलगा झाला तरच. सुनीताच्या सासूने मात्र नातीसाठी करायचं म्हणून अख्ख्या भावकीशी भांडण घेतलं होतं.

आता माझं. मी दिल्लीत मुनिरकात राहते, यूपीएससीचा अभ्यास कमी आणि पत्रकं वाटणं जास्त. बुवाबाजीविरुद्धची पत्रकंही मीच लिहिते. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जायचे. तरी हे लिहितेय... गप्प राहून दमलेय म्हणून.

त्या रविवारी मी आणि माझी रूममेट शबाना – परभणीची – फर्रुखनगरला गेलो. मिठाच्या व्यापाराचं जुनं गाव. दिल्ली दरवाजा, पायऱ्यांची बावडी, बाजार पाहिला आणि कापणीला आलेल्या मोहरीतून पायीच निघालो. भर दुपार, बाटल्या रिकाम्या. शिवारातलं पाणी खारं, त्यातूनच पूर्वी मीठ काढायचे. पायांचे नुसते तुकडे पडले होते.

एका कडुलिंबाखाली विटांची विहीर दिसली. बायका गात होत्या. मधोमध एक हसरी मुलगी, आरशांच्या किनारीची पिवळी ओढणी घेतलेली. तिने आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. गार आणि गोड. शबाना म्हणालीसुद्धा, "यार, इथे तर सगळं खारं असतं ना?"

पुढे गाव लागलं. पहिल्याच घरात सुतकासारखी शांतता. म्हातारीने खाट टाकून दिली, विहीर काल बुजवली, पूजन राहिलं, असं सांगितलं. मी म्हटलं, पूजन तर आत्ता बघून आलो, कडुलिंबाखाली. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पढ़ी-लिखी लगती हो. धूप चढ़ गई है."

आतल्या खोलीत तिची सून बाळाला घेऊन बसली होती... तीच मुलगी. सुनीता. सकाळपासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पिवळी ओढणी कोपऱ्यात घडी करून, दुकानाच्या टाचण्यांसकट. आरशांची किनार तीच.

आम्ही उलट पावली कडुलिंबापाशी गेलो. डबर, वर मुरूम, रोलर फिरवलेला.

परत आल्यावर सुनीताने एवढंच विचारलं, "दीदी, मैं सच में हँस रही थी?"

मी हो म्हटलं.

आता प्लॉटिंगवाले म्हणतात, तिथे विहीर कधी नव्हतीच. घरच्यांनी तक्रार केलीय, पण गावातले जमिनी विकून बसलेत, तोंड उघडत नाहीत. मी साक्ष द्यायला गेले. तक्रार घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, विहीर कधी पाहिलीत? रविवारी. बुजवली कधी? शनिवारी... ते हसले. प्रामाणिक साक्षीदार असून मीच केस बुडवणार!

आम्ही काय प्यायलो, मला माहीत नाही. दोघींना एकच भास कसा होतो, तेही नाही. पण ज्यांनी ती विहीर बुजण्याआधी पाहिली, ते ह्या दिल्लीत आहेत. लक्ष्मीबाई नगरातल्या कितीतरी मराठी घरांना प्लॉटिंगवाल्यांनीच ही साईट दाखवायला गाडीतून नेलं होतं. कडुलिंबाच्या सावलीत चहा पाजला होता.

तुम्ही त्यांतले असाल तर तुमच्या मोबाइलमधले तेव्हाचे फोटो काढा. विहीर दिसली, तर सुनीताच्या बाजूने उभे राहा. आजच.