कुलूप नसलेलं व्हेरियंट

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली आणि स्वतःच्या पगारातून चारचाकी घेणारीही मीच पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण कोणती गाडी घ्यायची, हे ठरलं ते बाबांमुळे.

बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. सगळी नोकरी उघड्यावर, रुळावर. रिटायर झाल्यावर आमच्या शहरातल्या जुनवानी भागात एका बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ते एकटे अडकले. वीज गेली होती. बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या नखांतून रक्त येत होतं. तेव्हापासून दार लागलं की त्यांचा श्वास लागतो. बाथरूमची कडीसुद्धा लावत नाहीत, आई बाहेर पाट टाकून बसते. रेल्वेने जात तेव्हा डब्याच्या दारात उभे राहून जात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेही संपलं.

तिकडे साकोलीजवळच्या गावात माझी आत्या, म्हणजे त्यांची मोठी बहीण, अंथरुणाला खिळलेली. "एक डाव पाहून येऊ दे मले," एवढंच ते म्हणत. म्हणून मी छत उघडणारी गाडी पाहायला निघाले.

"शिकली सवरली पोरगी, अन् गाडी घेऊन राहिली बिनछताची," आई म्हणाली. "लोकं छतासाठी मरतात."

शोरूममधल्या सेल्समनने आधी लोखंडी छताचं मॉडेल दाखवलं. "मॅडम, हार्ड टॉप वाला लीजिए. अंकल को एसी में आराम रहेगा."

"छत खुलना चाहिए," मी म्हटलं. मग त्याने कापडी छत मागे दुमडून गाडी बाहेर काढली. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे तो. बाबांनी वर आभाळाकडे पाहिलं, पट्टा लावू दिला. मला वाटलं, जमलं.

गाडीने थोडा वेग घेतला आणि दारांची कुलपं खट्‌कन लागली.

"कुलूप कोणं लावलं?"

"आपोआप लागते, बाबा. वर पाहा ना, सगळं उघडं आहे."

"उघड."

मला बटण सापडेना. मागून सेल्समन अभिमानाने सांगत होता, "सेफ्टी फीचर है, अंकल." बाबांनी पट्टा काढला. त्याबरोबर गाडी टीं टीं वाजायला लागली. ट्रॅकवर काम करताना रेल्वेगाडी येताना दिसली की पहाऱ्यावरचा माणूस शिटी वाजवतो. शिटी ऐकली की हातातलं टाकायचं आणि बाजूला व्हायचं, विचार करत बसायचं नाही. बाबांचं आयुष्य त्यात गेलेलं. त्यांनी हँडल एकदा ओढलं, कुलूप सुटलं, दुसऱ्यांदा ओढलं आणि दार उघडलं. मी ब्रेकवर उभीच राहिले. मागचा ट्रक हॉर्न देत कडेने गेला. बाबा तोवर उतरून रस्त्याच्या बाजूला उभे, हात अंगाशी घट्ट, तोंड रस्त्याकडे. रेल्वेगाडी जाईस्तोवर ट्रॅकमनच्या गँगमधली माणसं उभी राहतात तसे.

आम्ही शोरूममध्ये परत आलो. मी विचारलं, आपोआप लागणारं कुलूप नसलेली गाडी मिळेल का. सेल्समन म्हणाला, सगळ्यांत खालच्या व्हेरियंटमध्ये ते नाही, पण स्क्रीन नाही, चांगल्या सीटा नाहीत, काहीच नाही. "लोग फीचर बढ़वाते हैं मॅडम, आप घटवा रही हैं."

मला वाटलं बाबांना बरं वाटेल. ते हळूच म्हणाले, "कुलूपवालीच घे, बाई."

"कावून?"

"मी चालत्या गाडीतून उतरीन. आज कुलूप असून उतरलोच ना."

म्हणजे त्यांनाही भीती होती, ती स्वतःचीच. कुलूप असलं तर त्यांचा जीव गुदमरणार. नसलं तर ते कधीही, एका ओढीतच दार उघडणार, हायवेवर, ट्रकांच्या मध्ये. मी दोन्ही व्हेरियंटचे कागद समोर ठेवून बसले आणि मला एकही निवडता येईना. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही थांब म्हणा, मी थांबवीन. जिथं म्हणाल तिथं. पण आधी म्हणा."

"म्हणीन."

मी बिनकुलपाची घेतली.

रिसालीतल्या घरून पहाटे निघालो. छत उघडं, आई मागे डोक्याला टॉवेल बांधून. राजनांदगावपर्यंत बाबा सारखे "थांब" म्हणत होते. मी थांबवत होते. ते उतरत, चार पावलं टाकत, पुन्हा बसत. आई म्हणाली, "पॅसेंजर गाडी बरी होती, तिले निदान स्टेशनं तरी असतात." बाबा हसले.

पुढे घाट लागला आणि त्यांचं "थांब" बंद झालं. त्यांचा हात हँडलवर होता. डावीकडे दरी, समोरून कोळशाचे ट्रक. मी अर्धी नजर रस्त्यावर, अर्धी त्या बोटांवर ठेवून चालवत होते. बोटं हलली की माझा पाय ब्रेककडे जाई. 

घाट उतरल्यावर मला राहवलं नाही. "बाबा, उतरता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले उतरायचं आहे का?"

मी गाडी बाजूला घेतली. उतरले, बोनेटला टेकून उभी राहिले.  बाबा आतच बसून होते, दार उघडं टाकून, माझी वाट पाहत.