उकळलेला स्पंज

गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या चिमट्यावर कुणी जंतू शोधून दाखवावा, असं त्या खुशाल सांगत. कोपरापर्यंत हात धुवायची सवय अंगात इतकी मुरलेली की भाजी चिरायच्या आधीसुद्धा त्या बोटांची पेरं एकेक करून घासत. मुलगा म्हणायचा, "आई, कोबी चिरतेयस, पोट नाही."

अशा बाईच्या घरात सून मासे घेऊन आली. लग्नानंतर चारच महिन्यांनी तिचे वडील गेले आणि त्यांची काचेची टाकी हॉलमध्ये, खिडकीपासून लांब, भिंतीला लागून उभी राहिली. तीन गोल्डफिश. दोन लहान, आणि एक चांगला वीतभर लांब, पोटाशी केशरी रंग उडून पांढरा पडलेला, शेपटीचा एक कोपरा फाटलेला. त्याला सून म्हातारबा म्हणायची. वडिलांनी त्याला चौदा वर्षं सांभाळलं होतं. शेवटच्या दिवसांत ते तिला म्हणाले होते, "ह्याला टाकू नकोस हं."

सिस्टर मनानं वाईट नव्हत्या, पण तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. टाकी आली त्याच आठवड्यात त्या शेजारणीला म्हणून गेल्या, "हॉलमध्ये डबकं आणून ठेवलंय." सून दाराशीच उभी होती. ती नुसती आत गेली. त्यानंतर वर्षभर माशांचा विषय दोघींमध्ये निघाला नाही. टाकीचं सगळं ती एकटी करायची आणि सिस्टर त्या भिंतीपासून चार हात लांब राहायच्या. तो शब्द मागे घ्यायला मात्र त्या वर्षभर मुहूर्त शोधत होत्या.

तो मिळाला असं त्यांना वाटलं, तिथेच सगळं बिनसलं. ऑफिसनं सुनेला बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मुलाची ड्युटी पहाटेची. मासे आले सिस्टरांकडे. सुनेनं जाताना टाकीवर चिठ्ठी चिकटवली: 'सकाळी चिमूटभर खाणं. बाकी कशालाही हात लावू नका.' दारातून दोनदा मागे वळून टाकीकडे बघितलं तिनं. सिस्टरांना ते लागलं. मनाशी म्हणाल्या, बघच आता, परत येशील तेव्हा ओळखू येणार नाही तुला तुझी टाकी.

दुसऱ्या दिवशी बाई पदर खोचून कामाला लागल्या. मासे बादलीत काढले. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून दिलं. काच घासली, खडे उकळले, आणि फिल्टर उघडला तर आतला स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत. शहाराच आला त्यांना. एवढी शिकलेली मुलगी आणि हे असं? तो स्पंज त्यांनी पातेल्यात घालून चांगला वीस मिनिटं रटरट उकळला. पांढराशुभ्र होऊन निघाला. नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. टाकी अशी लखलखायला लागली की त्यांनी खुर्ची ओढून तासभर नुसतं बघत बसावं. आता तुम्हीच सांगा, कुणाला वाटेल की ह्यात काही चुकलं?

चौथ्या दिवशी सकाळी पाणी दुधाळ झालेलं. दोन लहान मासे वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडमीट करत होते, आणि म्हातारबा तळाशी कोपऱ्यात, पंख अंगाला चिकटवून गप्प. शेपटीत लाल रेघा उमटलेल्या. अशा रेघा सिस्टरांनी पेशंटच्या हातांवर पाहिल्या होत्या आणि त्यांचा अर्थ, विष अंगात पसरतंय, हा त्यांना माहीत होता.

तेवढ्यात फोन वाजला. सून रोज ह्याच वेळेला फोन करायची.

"आई, कसे आहेत सगळे?"

"मजेत," सिस्टर म्हणाल्या.

"म्हातारबा खातो ना?"

"खातो की. तू तुझं काम कर." फोन ठेवला आणि त्या टाकीसमोर बसल्या. चौतीस वर्षांत डॉक्टरांपासून त्यांनी एकही आकडा लपवला नव्हता, आणि आज ह्या पोरीशी सरळ खोटं बोलल्या. हा मासा मेला तर ती काय समजेल? म्हणेल, डबकंच वाटत होतं ना ह्यांना, काढलं एकदाचं. तोंडानं म्हणणार नाही. पुन्हा नुसती आत जाईल, आणि ह्या वेळी गेली की बाहेर यायची नाही.

मोबाइलवर टाकीचा फोटो काढून त्या तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार गुडघ्यावर बसून टाकीतली काच पुसत होता. फोटो बघून त्यानं एकच विचारलं, "काकू, फिल्टरचं काय केलंत?"

"उकळला," सिस्टर म्हणाल्या. वर सवयीनं पुस्तीही जोडली, "वीस मिनिटं."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, त्या काळ्या घाणीतच सगळा जीव होता. त्यातले जंतू माशांची घाण खातात. ते गेले, आता मासे स्वतःच्याच विषात पोहतायत. वर नळाचं ताजं पाणी, क्लोरीनचं औषध मारलेलं."

"चांगले जंतू?" सिस्टरांनी विचारलं. ज्यांना मारण्यासाठी त्यांनी पगार घेतला होता, ते जंतू.

"चांगले, तेच. आता खाणं पूर्ण बंद. रोज थोडं थोडं पाणी बदला, पण आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं. आज माझ्याकडचं शिळं पाणी न्या. आणि हे घ्या." त्यानं आपल्या सगळ्यात जुन्या टाकीच्या फिल्टरमधून एक स्पंज काढून, थोड्या पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. काळा, गाळ गळणारा. "हा धुऊ नका म्हणजे झालं."

"आणि म्हातारा?"

"सांगता येत नाही, काकू. वय आहे त्याचं."

पेशंटच्या नातेवाइकांना हेच वाक्य सिस्टरांनी किती वेळा ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे आज कळलं. घरी येऊन त्यांनी तो काळा स्पंज उघड्या हातांनी उचलला, डोळे मिटून फिल्टरमध्ये बसवला आणि पिशवीत उरलेला गाळ वरून ओतला. लखलखीत केलेल्या टाकीत आपल्याच हातानं घाण सोडताना जीव कासावीस झाला त्यांचा.

पुढचे पाच दिवस घरात बादल्याच बादल्या. मुलगा एका बादलीला अडखळून पडता पडता वाचला, म्हणाला, "आई, अतिदक्षता विभाग उघडलास का?" त्यांनी हसून दाखवलं नाही. दर तासाला म्हातारबाच्या कल्ल्यांची हालचाल मोजायची, कागदावर लिहायची. आणि रोज सकाळी फोनवर, "मजेत आहेत." सहाव्या दिवशी लहान मासे तळाशी येऊन खडे चिवडायला लागले. आठव्या दिवशी पाणी निवळलं. नवव्या दिवशी म्हातारबा कोपरा सोडून काचेपाशी आला आणि तोंड उघडून उभा राहिला, खायला मागत. सिस्टर त्याच्यासमोर बसून घळघळा रडल्या. जंतुनाशकाच्या वासात अख्खी हयात गेली, पण कुणा पेशंटसाठी अशा रडल्या नव्हत्या.

बाराव्या दिवशी दुपारी सून आली. चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी गेली. तिन्ही मासे काचेला येऊन भिडले. शेपटीतल्या रेघा इतक्या फिक्या झालेल्या की सांगितल्याशिवाय कळू नयेत.

"आई, किती छान सांभाळलंत हो. मला उगाच भीती वाटत होती."

इथे गप्प बसायचं, एवढंच काम होतं. मुलगा मागून डोळ्यांनी तेच सांगत होता. पण ते 'छान' सिस्टरांना गिळवेना.

"मी स्पंज उकळला," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी वाचूनसुद्धा उकळला. म्हातारबा मरता मरता वाचलाय. आणि फोनवर मी तुझ्याशी रोज खोटं बोलले." मग कल्ल्यांच्या हालचालींचा तो कागद पुढे केला. "मला ते डबक्याचं बोलणं पुसायचं होतं गं. हे असं होईल असं वाटलं नव्हतं."

सुनेनं कागद वाचला. तासातासाचे आकडे, पाच दिवसांचे. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कागद हातात घेऊन ती आत गेली आणि दार लोटलं गेलं. सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. ज्याची भीती होती ते झालं होतं.

रविवारी सकाळपर्यंत घरात कामापुरतंच बोलणं झालं. मग हॉलमधून हाक आली, "आई, जरा येता? पाणी बदलायचंय, पाइप धरायला माणूस हवंय."

सिस्टर उठल्या आणि पाय आपोआप बेसिनकडे वळले.

"साबण नको," सून म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. "तशाच या."

बाई बेसिनपाशी क्षणभर थांबल्या. मग न धुतलेले हात घेऊन टाकीपाशी आल्या आणि सुनेनं त्यांच्या हातात पाइपचं टोक दिलं.