साल्किन दुसरं मूल देत नाही

कल्पना करा, आठ वाजता तुम्हाला शिलाई मशीनवर बसायचंय आणि त्याआधी बोटाला धरलेली तीन वर्षांची मुलगी कुठेतरी ठेवायची आहे. शेजारीण कामाला गेली आहे. सरकारी बालवाडीत नाव घालायला शहरातल्या घराचा दाखला लागतो. घरमालक भाडं रोख मोजून घेतो, पण दाखल्यावर सही करत नाही. खासगी बालवाडी महिन्याला आठ हजार सोम मागते. तुमची कमाई सतरा हजार, त्यातलं निम्मं खोलीलाच जातं. आठला पाच मिनिटं कमी आहेत. ठेवा कुठे ठेवता ते.

बिश्केक शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत राहणारी साल्किन हे रोज करत होती. नवरा मेलिस रशियात बांधकामावर. तो पैसे पाठवायचा ते दूर डोंगरातल्या नारिन गावी, आपल्या आईकडे, गाई घ्यायला. साल्किनने विचारलं की म्हणायचा, तू कमावतेस ना.

कारखान्यात सहा बायकांची एक ओळ असे. एकीने खिसे, एकीने बाह्या, एकीने कॉलर. मजुरी तयार जॅकेटांवर, सहांत सारखी वाटून. साल्किन बाह्या जोडायची आणि तिची तीन वर्षांची आडिना टेबलाखाली चिंध्यांत बसायची. पोर रडली की बाही थांबे, बाही थांबली की पुढच्या तिघी रिकाम्या हातांनी तिच्याकडे बघत बसत.

कॉलरवाली रोझा एकदा मशीन न थांबवताच म्हणाली, "तुझी पोरगी आमच्या ताटातलं खाते, साल्किन. गप्प कर तिला, नाहीतर मी करते."

कुणी रोझाला अडवलं नाही. साल्किननेही नाही, कारण हिशोब बरोबर होता.

मग एके दिवशी आडिनाने गरम इस्त्रीवर पंजा टेकवला. मालकाने तिचा भाजलेला हात बघितला, इस्त्रीला काही झालं नाही ना तेही बघितलं, आणि बजावलं, की उद्यापासून पोर इथे दिसली तर आईनेही दिसू नये.

साल्किन त्याच संध्याकाळी गुल्सूनताईच्या बालवाडीत गेली. गुल्सूनने नुकतंच मोठं घर भाड्याने घेतलं होतं आणि खिडक्यांना पडदे नव्हते. सौदा तोंडी ठरला: साल्किनने सगळे पडदे आणि तीस पलंगांच्या चादरी शिवायच्या, बदल्यात आडिना चार महिने फुकट. साल्किनने सुट्टीचा एकही दिवस घेतला नाही. सहाव्या आठवड्यात शेवटची चादर दिली आणि दुसऱ्या सकाळी गुल्सूनने दारातच अडवलं. बाजारात चादर काय भावाने मिळते ते तिला म्हणे ठाऊक होतं, आणि त्या भावाने साल्किनच्या शिवणाचे पैसे या सहा आठवड्यांतच फिटले होते.

साल्किन भांडली नाही. चपला काढून आत गेली, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर चढली आणि एकेक पडदा उतरवू लागली. लापशी खाणारी मुलं चमचे हातात धरून बघत राहिली. गुल्सून चोर, चोर म्हणत मागे फिरत होती. साल्किनने पाचही पडदे काढले, घडी घातली, एका काखेत पडदे आणि दुसऱ्या काखेत मुलगी घेऊन बाहेर पडली. आता वस्तीतली एकुलती बालवाडी तिला बंद झाली.

दोन दिवसांनी, शनिवारी, सासू बुबुसारा वाळवलेल्या मांसाचं पोतं घेऊन आली. तिने फार न बोलता आडिनाला मागितलं. साल्किनचा पहिला मुलगा नुरबोल चाळीस दिवसांचा असताना तिने असाच नेला होता. पहिलं नातवंड आजीचं, ही तिकडची रीत. आता तो सात वर्षांचा आहे. आजीला तो आपा म्हणतो, म्हणजे आई. मेलिसला दादा म्हणतो आणि साल्किनला वहिनी.

दुसरं मूल मागायची रीत नव्हती. पण सोमवार परवावर आला होता. साल्किनने कपडे बांधून दिले.

रविवारी गाडीअड्ड्यावर नारिनची गाडी भरत होती. बुबुसाराने आडिनाला मांडीवर घेतलं, टोपीची दोरी बांधली आणि शिकवायला लागली.

"आजपासून मला आपा म्हणायचं. आणि ती बाहेर उभी आहे ना, ती कोण? ती तुझी वहिनी."

आडिनाला हा खेळ वाटला. काचेवर नाक दाबून ती खुदकन हसली. "वहिनी!"

साल्किनने दार सरकवलं, दोन प्रवाशांचे गुडघे बाजूला केले आणि मुलगी उचलून खाली घेतली. कपड्यांचं गाठोडं आतच राहिलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" बुबुसारा म्हणाली. "उद्या कुठे ठेवशील हिला? मशीनच्या पोटात?"

"ठेवीन."

"दोघीही उपाशी मराल आणि मग माझ्याच दारात याल."

ड्रायव्हरने भांडण घरी करा म्हणून सांगितलं आणि दार ओढलं. गाडी मागे येऊ लागली. तेव्हा साल्किनला आठवलं, की सात वर्षांत एक गोष्ट तिने कधीच विचारली नव्हती. मुलगी कडेवर घेऊन ती गाडीबरोबर चालू लागली, काचेवर मूठ आपटत.

"आपा, नुरबोलला तुम्ही कधी सांगितलंत का, मी त्याची कोण ते?"