पडून उभं राहिल्याची गोष्ट

आमची आत्या उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी कमरेचे पट्टे शिवते. तिचे यजमान, आमचे काका, त्या काचा पुसायच्या कामावर. मोठ्या कंत्राटदारांसमोर धंद्याची ओळख करून द्यायची होती, म्हणून गोष्ट सांगायला शिकवणारे एक सर तिनं गाठले.

"गोष्टींचे साचे ठरलेले असतात," सर फळ्यावर रेघ ओढत म्हणाले. "गरिबीतून वर येणं, राक्षसाला हरवणं, पडून पुन्हा उभं राहणं. तुमचा हा तिसरा! नवरा पडला, वाचला, तरी बायकोच्याच पट्ट्यावर विश्वास. लोक रडतील हो!"



दीड महिन्यापूर्वी काका दुसऱ्या मजल्यावरून पडले होते. आपणच हूक नीट अडकवला नाही, असं त्यांना वाटत होतं. पण पट्टा आत्यानं पाहिला होता. हूक शाबूत, उसवली होती ती शिवण. मशीनचा खालचा दोरा ढिला पडलेला. तिनं तो पट्टा चिंध्यांच्या पोत्यात कोंबला आणि तोंडाला कुलूप लावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी काका सभागृहाबाहेर कुबडीवर रेलून आपल्या वाक्याचं पाठांतर करत होते.

"'चूक माझीच. हिचा पट्टा पक्का होता.' कसं वाटतंय गं? की थोडं रडू?"

"गप्प बसा हो."

"मी पडलो तेव्हासुद्धा एवढी घाबरली नव्हतीस! ऐक, पुन्हा म्हणतो. चूक माझीच..."

"तुमची नव्हती! शिवण उसवली. माझी शिवण. मी पाहिलंय."

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. आता ओरडतील, कुबडी भिरकावतील, असं आत्याला वाटलं. 

पण त्यांनी हळूच विचारलं, "तो पट्टा शिवलास त्या दिवशी एकूण किती शिवले होतेस?"

"बारा."

"बाकीचे अकरा?"

 इतके दिवस ती एकाच पट्ट्याला भीत होती.

"ते घातलेले सगळे आत्ता दोरावर लटकत असतील," काका म्हणाले.

तिनं काकांच्या कामावरच्या मुकादमाला फोन लावला. "उचल रे बाबा, उचल..."

पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग मुकादम. "बोला ताई."

"माझे पट्टे घातलेली माणसं खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता!"

दार उघडून सर डोकावले. "चला, तुमचंच नाव पुकारलंय!"

आत्यानं त्यांना हातानंच थांबवलं. "माझी शिवण कच्ची आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "अकरा जण. एकेक मोजून सांगा."

मुकादम वर हाका मारताना ऐकू आला. बराच वेळ नुसता वारा.

"एक उतरला," तो म्हणाला.

पुन्हा वारा.