वाटी परत करताना

नवीन पनवेलला आमच्या समोरच राहणाऱ्या वहिनींचं प्रत्येक वाक्य "काही नाही हो" असंच सुरू होतं. नवऱ्याची कळंबोलीच्या लोखंड बाजारातली नोकरी गेली, तेव्हाही म्हणाल्या, "काही नाही हो, लागेल दुसरी." मग मी अधूनमधून भाजी देऊ लागले. कुणाची वाटी रिकामी परत करायची नाही, हा त्यांचा नेम. आधी वाटीतून लाडू यायचे, पुढे लिंबू, मग चिमूटभर साखर. मला आपलं वाटायचं, मी मदत करतेय.

काल संध्याकाळी त्या दारात आल्या. वाटी लख्ख घासलेली आणि रिकामी. मी हात पुढे केला, पण त्यांच्याने ती सोडवेना.

"काही नाही हो. सकाळपासून ओट्याशी उभी आहे. हिच्यात काय घालू, तेच सुचत नाहीये."