पांढऱ्या बोर्डावर मी

सोलापुरात माझ्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत चार महिने एक जर्मन पोरगी भाड्यानं राहिली. वर्षभरासाठी पुण्याच्या कॉलेजात शिकायला आलेली. शेवटचे चार महिने जाहिरातीच्या एजन्सीत काम शिकायचं, असा त्यांचा नियम. बरोबरीच्यांनी पुणं-मुंबई धरली. ही म्हणाली, मला लहान गाव पाहिजे. सोलापूरला लहान गाव म्हणाली! तेवढ्यावरच मी खोली नाकारणार होते, पण आल्या आल्या तिनं शेंगाचटणीशी माझ्या चार कडक भाकऱ्या कुरूम कुरूम मोडल्या आणि विचारलं, "आज्जी, अजून?" मग काय, राहिली.

आता तिची एजन्सी ऐका. चौकापलीकडचं फ्लेक्सचं दुकान ते, दारावर 'अ‍ॅडव्हर्टायझिंग' लिहिलंय एवढंच. सगळं काम वाढदिवसाच्या बोर्डांचं. मधे गॉगलवाला, भोवती बत्तीस शुभेच्छुक, कोपऱ्यात एक वाघ. वाघाचा काय संबंध, ते वाघालाही माहीत नसावं. मालकानं पोरीला काम दिलं ते पुढच्या खुर्चीत बसायचं. गिऱ्हाईक आलं की हा म्हणणार, "आमच्याकडं फॉरेनची डिझायनर हाय." एकदा कुणाच्या तरी भाच्याच्या बोर्डावर शुभेच्छुकांच्या रांगेत हिचाच फोटो! पोरगी चिडून आली, "आज्जी, मी त्याला बघितलंसुद्धा नाही."

"अगं, बाकीच्या एकतीस जणांनी तरी कुठं बघितलंय!"

पण एका संध्याकाळी ती जिन्यात बसून रडत होती. स्वतः केलेली, खरोखर चौकात लागलेली एक तरी जाहिरात कॉलेजला दाखवायची होती, खाली मालकाच्या सहीचा कागद. नाहीतर वर्ष वाया. आणि मालक तर खुर्चीतून उठू देईना.

मी म्हटलं, "माझ्या भाकरीची कर की."

चाळीस वर्षं मी कडक भाकरी करून विकते, जाहिरात कधी केली नाही. मालकाला मीच जाऊन सांगितलं, गिऱ्हाईक मी, बोर्ड ही करणार. पैसे येणार म्हटल्यावर तो कशाला नको म्हणतोय! आमच्या चुन्याच्या भिंतीपुढं तिनं मला उभं केलं. मी ठेवणीतली इरकल काढली, तर म्हणे नको, रोजचंच लुगडं. डोक्यावर पदर, हातात भाकरी. बोर्ड दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. सगळा पांढराशुभ्र, मधोमध मी, कडेनं बारीक काळी रेघ, खाली काळ्या अक्षरांत एकच ओळ: 'हिच्या हातची चव विसरता येत नाही.'

"आणि भाकरी गं?"

"तुमच्या हातात, आज्जी."

पांढऱ्यावर पांढरी भाकरी. मांजराला तरी दिसली असती का! "एवढी जागा मोकळी सोडलीस, दोन नातवंडं बसली असती की."

"मोकळी जागा बोलते, आज्जी."

बोलली. साऱ्या पेठेशी बोलली.

बोर्ड पहाटे लागला. सकाळी दूधवाला दारावरनं मान खाली घालून पुढं गेला, हाक मारली तर सायकल आणखी जोरात हाणली. मग शेजारीण आली, अक्कलकोटकडची. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाताचं पातेलं घेऊन. मी दार उघडलं.

"अय्यो, यव्वा!" ती ओरडली आणि पातेलं माझ्याच हातात देऊन पळाली. माझ्या दुःखाचं पिठलं मीच खाल्लं. मीठ कमी होतं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं चौकात पांढरा बोर्ड, एकटा फोटो आणि काळी रेघ कशाला लावतात, हे जर्मनीत कोण सांगणार? पण मला तरी कळायला नको? मी आपली पदर सरळ आलाय का तेवढंच बघत होते. चौकात जाऊन बघते, तर बोर्डाखाली झेंडूचा हार आणि दोन उदबत्त्या.

दुपारी गल्लीच्या तोंडापासून रडं ऐकू आलं. माझी धाकटी बहीण, कुणीतरी फोनवर पाठवलेला बोर्डाचा फोटो बघून बार्शीहून एसटीनं. "आक्का गंऽऽ" करत आत आली आणि समोर मी भुईमूग सोलत बसलेली.

"मेली न्हाईस तू?"

"न्हाई गं. चहा टाकू?"

"आगं, दळण गिरणीत टाकून आले की मी! फोन तरी करायचास!"

"मेलेल्या माणसानं फोन करायचा व्हय?"

तेवढ्यात वरनं पोरगी उतरली, तोंड पांढरं. मालकाचा फोन आला होता. दुकानानं जिता माणूस मारला म्हणून लोक हसत्यात, बोर्ड उतरवतो, सही विसर. पोरगी बॅग भरायला वर निघाली.

मला राग आला. मरणाचं जाऊ द्या, ते कधीतरी आहेच. पण चार महिने पोरीला शोभेची बाहुली करून बसवलं, ते? मी परात उचलली, बहिणीला शेगडी दिली, पोरीला पिठाचा डबा. बोर्डाखाली बसले आणि भाकरी थापायला लागले. हार काढून गळ्यात घातला, चांगला ताजा होता.

अर्ध्या तासात चौक भरला. "आज्जी, परत कधी आला?" "वर काय भाव हाय भाकरीला?" फोटो काढणारे काढत होते, घरनं आणलेल्या भाकऱ्यांची टोपली रिकामी होत होती. मालक शिडी घेऊन आला, गर्दी बघितली आणि शिडी गपचिप भिंतीला टेकवली.

"आज्जी, बोर्ड राहू दे. फक्त त्या मोकळ्या जागेत आमचा एक फोटो टाकतो."

पोरगी तोंड उघडणार, मी पिठाच्या हातानं तिला गप्प केलं. "टाक की बाबा. आधी सही कर, मग गॉगल घालून ये."

त्यानं तिथंच कागद माझ्या परातीच्या काठावर ठेवून सही केली. कागदाला पीठ लागलं, ते तसंच जर्मनीपर्यंत गेलं. पोरगी पास झाली.

तिसऱ्या दिवशी मोकळी जागा भरली. मालक, त्याचा भाऊ, आणि हट्ट करून आमची बार्शीची बहीण. वाघ मात्र मी येऊ दिला नाही. आता तो बोर्ड आमच्या गच्चीवर ज्वारीच्या पोत्यांवर टाकलाय. पाऊस आला की सगळ्यात आधी मालकाचा गॉगल भिजतो.