डँडेनॉन्गचं मंतरलेलं पाणी

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखा थंड माणूस! मी वाक्य सुरू केलं की समोरच्याचा चहा संपतो, माझं वाक्य संपत नाही. उभ्या जन्मात एकदाच घाईघाईने बोललो, आणि तेही इंग्रजीत!

मुलगा-सून परदेशात, टूवूंबाला; नातू निखिल त्याच देशात शिकायला डँडेनॉन्गला. चार दिवस त्याच्याकडे गेलो, तर पोरांनी मला सोडलंच नाही. घर भाड्याने घेतलं होतं चौघांच्या नावावर, राहत होती नऊ पोरं! करणार काय? जिकडून तिकडून मुलं शिकायला येऊन थडकलेली, खोल्या मिळेनात. एकजण शिफ्टवरून आला की दुसऱ्याने त्याच गादीवरून उठायचं. घरमालकाला याचा पत्ता नव्हता. कळलं असतं तर पाचजण रस्त्यावर!

एके सकाळी हे घरमालक, कीथसाहेब, घर बघायला येणार होते. माझ्याच वयाचे.

"आजोबा, काही झालं तरी बोलायचं नाही. फक्त हसायचं," निखिलने बजावलं.

"मी कधी बोलतो रे?"

दूध थोडंच होतं. पण पोरांना चहाशिवाय बाहेर कसं धाडायचं? आपली रीतच आहे, माणूस वाढला की पातेल्यात पाणी वाढवायचं. वाढवलं. तेवढ्यात साहेब वेळेआधीच दारात! जादाची पोरं मागच्या दाराने पसार, चहा पातेल्यातच. तोच साहेबांना दिला.

एक घोट घेऊन साहेब निखिलला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"त्यांची आजी पातळ चहाला मंतरलेलं पाणी म्हणायची."

मी हसलो. दुसरा घोट.

"आता?"

"भांडी विसळलेलं पाणी."

मी जरा कमी हसलो. साहेब मात्र रंगात आले.

"मांजराचं चाटण," निखिल पुटपुटला. "जुनी बोली आहे हो, चेष्टा करतायत."

"आणि हे शेवटचं?"

"जाऊ द्या ना, आजोबा."

"सांग!"

"चिलटाचं मूत."

अहो, आपल्याकडे पाहुणा कडू काढासुद्धा "छान झालाय" म्हणत पितो! आणि हा माणूस माझ्या चहात चिलटं बसवतो? डोकंच फिरलं. होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा केलं आणि ओरडलो, "मिस्टर! मिल्क लिटल! बॉइज नाइन! व्हॉट आय डू?"

निखिलने डोळे मिटले.

"नाइन?" साहेबांनी विचारलं.

त्यांचा हिशेब चुकू नये म्हणून मी छातीवर बोट ठेवलं. "नो, नो. आय ऑल्सो. टेन!"

साहेब भला माणूस. परीक्षा होईपर्यंत मुदत दिली. मग मात्र पाचजणांना लांब कुठेतरी जावं लागलं. जाताना एकेकजण माझ्या पाया पडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

आता घरात पोरं चारच. परवा चहाचा घोट घेऊन निखिल म्हणतो, "काही म्हणा आजोबा, तुम्ही पोरं घालवलीत, पण चहा मात्र आता फक्कड होतो!"